दोन दारांची चिप

थिंकपॅड टी२३. आयबीएमचं २००१ सालचं मॉडेल, काळं, कोनाकोनाचं, की-बोर्डच्या मधोमध तो लाल ठिपका. लॅमिंग्टन रोडवरच्या एका माळ्यावर, कारागिराच्या टेबलावर ते पडलं आहे. मशिन चालू होतं, पंखा फिरतो, पण बायोसमध्ये शिरायचं म्हणून एफ-१ दाबलं की पडद्यावर कुलपाचं चिन्ह येतं आणि तिथेच सगळं थांबतं. कधीकाळी कुठल्याशा कंपनीने घातलेला सुपरवायझर पासवर्ड आत बसलेला आहे. कंपनीला तो आठवत नाही आणि नव्या मालकाला तो कधी माहीतच नव्हता.

कारागीर आधी स्क्रू-ड्रायव्हर उचलत नाही, बिल मागतो.

‘‘भंगारवाल्याचं आहे,’’ मालक जरा ओशाळून सांगतो.

‘‘चालेल ना साहेब. सीरियल नंबर लिहिलाय ना त्यावर? मग झालं.’’

बायोस लॉक घेऊन येणारा लॅपटॉप चोरीचाही असू शकतो, हे या गल्लीत कोणाला समजावून सांगावं लागत नाही. नीट धंदा करणारा माणूस म्हणून नंबर ताडून बघतो आणि मगच कामाला लागतो.

नवख्याला वाटतं, मदरबोर्डवरचा छोटा गोल सेल काढला की पासवर्ड उडेल. थिंकपॅडमध्ये त्या युक्तीने साधा पॉवर-ऑन पासवर्ड जातो. सुपरवायझर पासवर्ड मात्र वीज गेली तरी स्मृती टिकवणाऱ्या वेगळ्या चिपमध्ये असतो. आयबीएमच्या सर्व्हिस मॅन्युअलची भूमिका कोरडी होती: हा पासवर्ड विसरला तर तो काढण्याची कुठलीही पद्धत नाही, मदरबोर्ड बदला आणि त्याचे पैसे भरा.

भिंगाखाली ती चिप दिसते. जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी, पाठीवर फिकट अक्षरं: २४आरएफ०८. बनवणारी कंपनी अ‍ॅटमेल. आत आठ किलोबिट, म्हणजे फक्त १०२४ बाइट जागा. नावातली ‘आरएफ’ ही दोन अक्षरं रेडिओची आहेत. तिच्या पायांपैकी दोन मदरबोर्डच्या तारांशी बोलतात. आणखी दोन पाय मात्र तारेच्या वेटोळ्यासाठी, अँटेनासाठी ठेवलेले आहेत. एकाच स्मृतीला दोन दारं, एक तारेचं आणि एक हवेतलं.

हवेतलं दार कशासाठी होतं, ते नव्वदच्या दशकातल्या मोठ्या कचेऱ्यांची अडचण आठवली की कळतं. हजारो लॅपटॉप, रोज आत-बाहेर, आणि वर्षाअखेरीस मोजणी. आयबीएमने या सोयीला नाव दिलं ‘अ‍ॅसेट आयडी’. १२५ किलोहर्ट्झच्या रेडिओ लहरी सोडणारा वाचक जवळ नेला की मशिनचा सीरियल नंबर आणि महत्त्वाच्या भागांचे क्रमांक वाचता यायचे. मशिन बंद असलं तरी हरकत नव्हती, कारण चिपला लागणारी ऊर्जा त्या लहरींतूनच मिळायची. कंपनीला स्वतःची नोंद लिहिण्यासाठी रिकामे रकानेही दिलेले होते. अँटेना सगळ्याच मशिनना बसवलेला नसे, चिप मात्र बोर्डवर असायची.

आणि त्याच चिपमध्ये सुपरवायझर पासवर्डही ठेवलेला होता. मोजणी करणाऱ्या कारकुनासाठी केलेली सोय आणि फर्मवेअरचं कुलूप एकाच खोलीत नांदत होतं. डिझाइन करणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. चिपच्या स्मृतीचे आठ खण आहेत आणि प्रत्येक खणाला तारेसाठी एक परवानगी, रेडिओसाठी वेगळी परवानगी देता येते. सीरियल नंबर हवेतून वाचू द्यायचा आणि पासवर्डचा खण बंद ठेवायचा, अशी ही व्यवस्था. कागदावर ती चोख आहे. आज पाहिलं तरी तिच्यात विचार दिसतो.

टेबलावर मात्र रेडिओचं दार कोणी वापरत नाही. कारागीर चिपच्या पायांना तीन बारीक वायरी सोल्डर करतो: डेटा, क्लॉक आणि ग्राउंड. थोडा फ्लक्स, बारीक टोकाचं बिट, श्वास रोखून तीन टाके. वायरींचं दुसरं टोक दोन-चार रेझिस्टर आणि झेनर डायोडच्या हातबनावटीच्या सर्किटमधून एका जुन्या कॉम्प्युटरच्या सीरियल पोर्टला जातं. चिपला वीज थिंकपॅडच देतो. कुलपाचं चिन्ह पडद्यावर येऊन थांबलं की इकडे वाचन सुरू. काही क्षणांत ‘डम्प’ निघतो. १०२४ बाइट म्हणजे पडद्यावर आकड्यांच्या चौसष्ट ओळी.

त्यांत पासवर्ड अक्षरांत शोधला तर सापडत नाही. कारागिराला ते ठाऊक आहे. त्याची नजर शेवटाकडे जाते, जिथे आकड्यांचा एकच छोटा गट पाठोपाठ दोनदा आलेला दिसतो. पासवर्डच्या दोन प्रती आहेत, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. आकडेही अक्षरांचे नाहीत, की-बोर्डवरच्या कळांचे आहेत: १ई म्हणजे ए, १एफ म्हणजे एस, २० म्हणजे डी. भिंतीवर चिकटवलेल्या तक्त्याशी ताडत तो कागदावर एकेक अक्षर मांडतो. जास्तीत जास्त सात अक्षरं, तेवढीच त्या काळी मर्यादा होती. टाइप करून एंटर दाबलं की निळा-करडा सेटअप उघडतो. पुढच्या पिढ्यांत ही माहिती अशी उघडी ठेवणं बंद झालं आणि कारागिरांचं काम कैक पटींनी अवघड झालं.

या चिपची खरी बदनामी मात्र पासवर्डमुळे झाली नाही. ती झाली लिनक्सवाल्यांच्या एका निरुपद्रवी प्रोग्रॅममुळे. साधारण २००१ च्या सुमाराची गोष्ट. मदरबोर्डचं तापमान आणि पंख्याचा वेग वाचणारं ‘एलएम-सेन्सर्स’ नावाचं सॉफ्टवेअर लोक हौसेने बसवत होते. मदरबोर्डवर कोणकोणत्या चिप आहेत हे शोधायला ते प्रत्येक पत्त्यावर एक छोटी हाक मारायचं आणि उत्तर आलं की पुढे सरकायचं. २४आरएफ०८ च्या अंतर्गत तर्कात एक खोट होती. नुसती हाक ऐकली तरी ती आपल्यातच काही लिहिलं जातंय असं समजून बसायची आणि पाठोपाठचा, दुसऱ्याच चिपसाठी निघालेला मजकूर स्वतःच्या स्मृतीत उतरवून घ्यायची. मग पडताळणीची बेरीज चुकायची. पुढच्या वेळी मशिन सुरू करताना ०१८८ किंवा तत्सम क्रमांकाची चूक यायची. थिंकपॅडच्या यादीत या क्रमांकाचा अर्थ ‘आरएफआयडीच्या अनुक्रमांकाची माहिती अवैध’ असा आहे. मशिन मरायचं आणि उपाय पुन्हा तोच, बोर्ड बदला.

तापमान वाचायला गेलेल्या माणसाचा लॅपटॉप कारकुनाच्या मोजणीसाठी ठेवलेल्या चिपमुळे मरावा, याला काय म्हणावं? लिनक्सच्या बाजूने उत्तर सरळ देण्यात आलं. लिनक्सच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नलमधल्या, एका ड्रायव्हरमध्ये तपासणी घातली गेली: मशिन आयबीएमचं दिसलं, तर तुमची चिप बिघडू शकते असं बजावायचं आणि काम करायला साफ नकार द्यायचा.

आयबीएमने २००५ मध्ये पीसीचा धंदा लेनोव्होला विकला. तोवर रेडिओचं जग १२५ किलोहर्ट्झवरून १३.५६ मेगाहर्ट्झकडे सरकलं होतं. सोनी आणि फिलिप्स यांनी २००२ मध्ये जाहीर केलेलं एनएफसी आज फोनमध्ये, मेट्रोच्या कार्डात, कचेरीच्या ओळखपत्रात आहे. अंतर चार सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ टेकवायचंच. दोन दारांची चिपही मेली नाही. एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सची एसटी२५डीव्ही मालिका हे त्याच कल्पनेचं सुधारलेलं रूप आहे. एका बाजूला तार, दुसऱ्या बाजूला एनएफसी आणि दोन्ही बाजूंना स्वतंत्र ६४-बिट पासवर्ड. तिच्यात २५६ बाइटची एक तात्पुरती पेटी असते, तिच्यातून फोनवरून यंत्रात नवं फर्मवेअरसुद्धा तुकड्या-तुकड्याने सरकवता येतं. औद्योगिक मीटर आणि सेन्सर बनवणाऱ्यांना हे फार सोयीचं आहे, कारण डबा न उघडता काम होतं. डबा न उघडता काम होणं ही सोय तशीच डोकेदुखीही आहे. ती कोणाची, हे त्या दोन पासवर्डांवर ठरतं.

लॅपटॉपच्या बायोसचं कुलूप ओळखपत्र टेकवून उघडावं, ही कल्पना कचेऱ्यांना मोहक वाटणारच. पासवर्ड चिठ्ठीवर लिहिला जातो, कार्ड खिशात राहतं. अडचण क्रमाची आहे. बायोस जागा होतो तेव्हा विंडोज झोपलेलंच असतं, त्याचे ड्रायव्हरही झोपलेले. मग कार्ड वाचायचं कोणी? उत्तर: वाचकाच्या पाठीशी एक छोटा स्वतंत्र कॉम्प्युटर ठेवायचा, त्याचं स्वतःचं फर्मवेअर, स्वतःची तिजोरी.

डेलच्या व्यावसायिक लॅपटॉपमध्ये या तिजोरीचं नाव ‘कंट्रोलव्हॉल्ट’. बोटाच्या ठशाचा वाचक, स्मार्ट कार्ड आणि एनएफसी यांची जोडणी जिथे होते त्या छोट्या बोर्डावर ती बसते. ऑगस्ट २०२५ मध्ये सिस्कोच्या टॅलॉस या संशोधक गटाने तिच्यातल्या पाच त्रुटी ‘रीव्हॉल्ट’ या नावाने जाहीर केल्या. लॅटिट्यूड आणि प्रिसिजन मिळून शंभरहून अधिक मॉडेलं त्यांच्या टप्प्यात होती. लॅपटॉप हाती आला की झाकण उघडून त्या बोर्डाशी थेट बोलता येतं, त्यासाठी विंडोजचा पासवर्ड लागत नाही, हे त्यांनी दाखवलं. मग तिजोरीचंच फर्मवेअर बदलायचं आणि तिला सांगायचं की कुठलाही ठसा खरा मान. खात्री पटावी म्हणून केलेल्या व्हिडिओत त्यांनी ठशाच्या वाचकावर पातीचा कांदा टेकवला. लॅपटॉप उघडला.

या संशोधनाचा भर बोटाच्या ठशावर होता, पण धडा एनएफसीलाही तितकाच लागू पडतो, कारण दोघांचा हिशेब एकाच तिजोरीत आहे. कुलूप हवेतून उघडतं की बोटाने, हा प्रश्न तुलनेने लहान. कुलपाच्या मागे उभ्या असलेल्या छोट्या कॉम्प्युटरला कोण नवं शिकवू शकतं, तो मोठा.

एचपीने वेगळी वाट धरली. त्यांच्या ‘शुअर अ‍ॅडमिन’मध्ये बायोसला पासवर्ड ठेवायची गरजच राहत नाही. सेटअपमध्ये जायचं म्हटलं की पडद्यावर क्यूआर कोड येतो, परवानगी असलेल्या तंत्रज्ञाच्या फोनमधलं अ‍ॅप तो वाचतं आणि एकदाच चालणारा पिन दाखवतं. किल्ली फोनच्या बाजूला, बायोसमध्ये फक्त तिची पडताळणी करणारा सार्वजनिक भाग. रेडिओ नाही, अँटेना नाही, जास्तीचा बोर्ड नाही. फोनचा कॅमेरा आणि पडदा यांच्यामध्ये फक्त उजेड जातो. मशिनमधून डम्प काढला तरी त्यात उलगडून वाचायला पासवर्डच नसतो. दिसायला ही पद्धत एनएफसीइतकी ऐटबाज नाही, पण लॅमिंग्टन रोडच्या त्या तीन टाक्यांपुढे ती जास्त टिकेल.

रीव्हॉल्टच्या त्रुटींवर डेलने दुरुस्त्या दिल्या. त्याशिवाय टॅलॉसने सुचवलेल्या उपायांत एक अगदी जुन्या वळणाचा आहे: लॅपटॉपचं झाकण उघडलं गेलं तर ओळखणारी ‘चेसिस इंट्रूजन’ची सोय चालू करा. ही सोय ज्या मॉडेलमध्ये आहे, तिथे ती बायोसच्या सेटअपमध्ये सापडते.