बटाट्याला कोर्ट, कापसाला कुलूप

एप्रिल २०१९. गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यातले चार बटाटा उत्पादक शेतकरी अहमदाबादच्या व्यापारी न्यायालयात प्रतिवादी झाले होते. दावा पेप्सिको इंडियाचा, आणि मागणी प्रत्येकाकडून एक कोटीहून अधिक रुपयांच्या भरपाईची. यांची जमीन जेमतेम काही एकर. गुन्हा काय, तर त्यांनी ‘एफसी ५’ बटाटा लावला.

हा बटाटा वेफर्ससाठीचा. त्यात पाणी कमी, म्हणून तळायला सोयीचा. ‘एफएल २०२७’ या नावाने कंपनीने २०१६ मध्ये त्याची नोंदणी करून घेतली होती. करार केलेल्या शेतकऱ्यांना कंपनी बेणं देते आणि माल उचलते. पण बटाट्याचं बेणं म्हणजे बटाटाच. डोळे पाहून कापला, लावला, की पुढच्या हंगामात तोच वाण जसाच्या तसा हाती येतो. असं बेणं एका शेतातून दुसऱ्या शेतात जाणं कोण अडवणार? कंपनीला अडवायचं होतं, आणि त्यासाठी तिच्या हाती कोर्टाशिवाय दुसरं साधन नव्हतं.

कोर्टात कंपनीने तडजोडीचा प्रस्तावही ठेवला: साठा नष्ट करा, यापुढे हा वाण लावू नका, लावायचा असेल तर आमच्याशी करार करा. मात्र कंपनी ज्या कायद्याच्या आधारे आली होती, त्याच कायद्यात शेतकऱ्याचीही बाजू होती. जागतिक व्यापार संघटनेत गेल्यावर वनस्पतींच्या वाणांना संरक्षण देणं भारताला भाग होतं. बऱ्याच देशांनी पैदासकारांच्या बाजूने झुकलेली ‘युपोव्ह’ ही आंतरराष्ट्रीय चौकट स्वीकारली. भारताने २००१ मध्ये हा स्वतःचा कायदा केला आणि त्याच्या नावातच शेतकऱ्यांचे हक्क घातले. त्यातल्या कलम ३९ नुसार नोंदणीकृत वाणाचंही बी शेतकरी राखू शकतो, पुन्हा पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. मनाई एकच: ब्रँडचं लेबल लावून बियाणं म्हणून विकायचं नाही.

देशभर ओरड झाली, कंपनीच्या लेज वेफर्सवर बहिष्काराची हाक आली आणि मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले. पुढे शेतकरी हक्क कार्यकर्त्या कविता कुरुगंटी यांच्या अर्जावरून वाणांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये या वाणाची नोंदणीच रद्द केली. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी तो निर्णय कायम ठेवला. जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठाने तो फिरवला. नोंदणी राहो की जावो, कलम ३९ मात्र जागेवर आहे.

एवढा चांगला कायदा असताना विदर्भ-मराठवाड्यातला कापूस उत्पादक दर जूनला कृषी सेवा केंद्रापुढे रांगेत का उभा असतो? त्याच्यावर कोणी दावा केलेला नाही. बी राखायलाही त्याला कोणाची बंदी नाही.

उत्तर संकरात आहे. संकरित वाणाची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत आणि उतारा घटतो. म्हणजे हक्क आहे, पण वापरून उपयोग नाही. संकरित कापूस जगात पहिल्यांदा व्यापारी पातळीवर आणला तो भारतानेच. सुरतच्या सरकारी संशोधन केंद्रातून १९७० मध्ये आलेला ‘एच-४’. तेव्हा त्याचं कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. पण २००२ मध्ये जालन्याच्या महिको आणि अमेरिकेच्या मोन्सॅन्टो यांच्या भागीदारीतून बोंडअळीला तोंड देणारा बीटी कापूस आला, तो संकरित वाणांतच आला. अमेरिका, ऑस्ट्रेलियात बीटीचा जनुक सरळ वाणांत आहे. तिथे बी राखण्यावर पेटंट आणि करारांचा पहारा ठेवावा लागतो. आपल्याकडे पहाऱ्याची गरजच पडली नाही. कुलूप बियाच्या आतच होतं. बघता बघता देशातल्या कापसाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी संकर पसरला आणि घरची सरकी पेरण्याची रीत मागे पडली.

सरकारने लक्ष दिलं ते किमतीकडे. सुरुवातीला ४५० ग्रॅमचं पाकीट सोळाशेच्या वर होतं. २०१६ मध्ये केंद्राने बीजी-२ या बीटी बियाण्याची कमाल किंमत ८०० रुपये ठरवली, त्यात तंत्रज्ञानाचं शुल्क ४९ रुपये. २०२० मध्ये हे शुल्क शून्यावर आलं. पाकीट स्वस्त झालं, पण ते दरवर्षी घ्यावंच लागतं. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने याच बीटी कापसाचा फडशा पाडला, तरी पुढच्या जूनला दुकानात दुसरं फारसं काही नव्हतंच.

तरीही शेतकऱ्याला फक्त जुनं गावरान बीच हवंय, असं समजणं म्हणजे शहरात बसून त्याच्या वतीने बोलणं. साबरकांठ्याच्या प्रकरणानंतर दोनच महिन्यांत, १० जून २०१९ ला, अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कापसाची उघड पेरणी केली. या बियाण्याला मंजुरी नाही. पर्यावरण संरक्षण कायद्यानुसार तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकत होता. पण निंदणाला मजूर मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, म्हणून हे पाकीट चोरून का होईना खपतं. ते बिलाशिवाय मिळतं. आत नेमकं काय भरलंय, हे विकणाराही खात्रीने सांगत नाही. उगवण झाली नाही तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे ठेवायला पावती नसते, आणि तक्रार करावी तर बंदी असलेलं बी आपणच पेरलं हे आधी कबूल करावं लागतं.