मध्ये कशाला कडमडलास?

कुर्ल्याच्या नेहरूनगरात रबरी चेंडूचा डाव रंगला की ही आरोळी आलीच. थ्रो स्टंपांकडे निघालेला, आणि पळणारा नेमका त्याच्या वाटेत! मग ‘मुद्दाम आला’ विरुद्ध ‘चुकून झालं’. क्रिकेटचा अंपायरही याच प्रश्नाशी झगडतो. बेसबॉलचा अंपायर मात्र कधीकधी तो प्रश्नच विचारत नाही.

चुकून? तरी बाद! टोलवलेला चेंडू अडवणाऱ्या फिल्डरला बेसबॉलमध्ये वाट द्यावीच लागते. पळणारा नकळत आडवा आला तरी बाद. फेकलेल्या चेंडूबाबत मात्र हेतू बघतात.

महागडी चापट. २००४, न्यूयॉर्क. यँकीजच्या अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझने पळताना बोस्टनच्या ब्रॉन्सन अरोयोच्या ग्लोव्हमधला चेंडू चापट मारून उडवला. आधी तो नाबाद ठरला. मग अंपायरांनी डोकी एकत्र केली आणि त्याला बाद दिलं. धाव काढून मोकळ्या झालेल्या डेरेक जीटरलाही परत पहिल्या बेसवर पाठवलं.

एका दगडात दोन. बेसबॉलमध्ये एकाच चेंडूवर दोघांना बाद करण्याचा डाव, म्हणजे डबल प्ले, मोडायला पळणारा मुद्दाम आडवा आला, तर तोही बाद आणि चेंडू टोलवणारा साथीदारही.

करून गेला गाव... बेसबॉलमध्ये फलंदाजी करणाऱ्या संघाच्या डगआउटमधल्या गड्यांनीही फिल्डरला जागा द्यायची. टोलवलेला चेंडू पकडताना त्यांनी अडवलं, तर बाद होतो बॅटर! क्रिकेटही कमी नाही. नॉन-स्ट्रायकरने मुद्दाम झेल अडवला, तरी तंबूत जातो स्ट्रायकर.

फिरून तेच नाव. १९५१ मध्ये ओव्हलवर इंग्लंडचा लेन हटन क्षेत्ररक्षणात अडथळा आणल्याबद्दल बाद झाला. कसोटीतला तो पहिलाच. त्याच्यामुळे झेल हुकलेला यष्टिरक्षक होता दक्षिण आफ्रिकेचा रसेल एन्डीन. १९५७ मध्ये हाच एन्डीन चेंडू हाताने अडवून बाद झाला. त्या प्रकारातही कसोटीतला पहिलाच!

आपला मोहिंदर. मोहिंदर अमरनाथ एकदिवसीय सामन्यांत दोन्ही तऱ्हांनी बाद झाला: १९८६ मध्ये चेंडू हाताळून, १९८९ मध्ये अहमदाबादला अडथळा आणून. ऑक्टोबर २०१७ पासून हे दोन्ही गुन्हे एकाच कलमात आले आहेत.

पाठ नडली. मे २०२४, चेन्नई, आयपीएल. रवींद्र जडेजाने पळताना वाट बदलली, संजू सॅमसनचा थ्रो पाठीवर बसला आणि तिसऱ्या पंचाने त्याला बाद ठरवलं.

आणि संध्याकाळी सातचा कुर्ला स्टेशनचा पूल? हेतू कुणाचाच नसतो, पण आडवे सगळेच. क्रिकेटचा कायदा लावला तर सगळे नाबाद. बेसबॉलचा लावला, तर अख्खा पूल तंबूत!