वाफेचा हिशेब (भाग 7) : बंद व्हॉल्व्ह खरंच बंद असतो का?

नागपूरचं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला कसं उपयोगी पडतं, ते आज सांगायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या आठवड्यात. मधे परळीच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न बाजूला ठेवणं मला जमेना. ते विचारतात : बॉयलर, टर्बाइन, कंडेन्सर आणि परत बॉयलर असं तेच पाणी फिरत असेल, तर रोज नवं डीएम पाणी, म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणी, कशाला लागतं? 2015 साली खडका बंधारा आटल्यामुळे ज्या गावातलं वीज केंद्र बंद ठेवावं लागलं, तिथल्या माणसाला हा प्रश्न पडणारच.

थोडं पाणी जाणारच. बॉयलरच्या ड्रममध्ये क्षार साठू नयेत म्हणून थोडं पाणी बाहेर सोडावं लागतं (ब्लोडाऊन), नळ्यांवरची राख झाडायला सूट ब्लोअरला वाफ लागते, तपासणीच्या नमुन्यांची धार चालू असते. 210 मेगावॉटच्या संचात पूर्ण भारावर तासाला सुमारे 700 टन वाफ फिरते. मेकअप, म्हणजे गेलेल्याच्या जागी भरायचं नवं पाणी, तिच्या 1 टक्का धरला तरी दिवसाला 168 टन डीएम पाणी लागतं. 3 टक्क्यांवर गेला की 500 टनांच्या पुढे. म्हणून मेकअपच्या आकड्यावर सगळ्यांचा डोळा असतो आणि तो असायलाच हवा.

मला मात्र बोलायचंय ते या आकड्यात कधीच न उमटणाऱ्या गळतीबद्दल. संच सुरू करताना वाफेच्या लाइनमधलं पाणी काढायला ड्रेन व्हॉल्व्ह उघडतात आणि भार आला की बंद करतात. यातले बरेच ड्रेन फ्लॅश टँकमधून कंडेन्सरलाच जोडलेले असतात. त्यातला एखादा पास व्हायला लागला, म्हणजे बंद असूनही गळू लागला, तर 535 अंशांची वाफ टर्बाइनचं एक पातंही न फिरवता थेट कंडेन्सरमध्ये उतरते. तिथे तिचं पाणी होतं, ते हॉटवेलमध्ये जमतं आणि पुन्हा बॉयलरकडे जातं. ना मेकअप वाढतो, ना बाहेर कुठे वाफ दिसते.

पाणी परत मिळालं म्हणून नुकसान टळलं असं नाही. अशी एक टन वाफ करायला किलोला 3500 किलोकॅलरीचा सुमारे पाव टन कोळसा जळतो. तिची सगळी उष्णता कूलिंग टॉवरवर जाते आणि ती घालवण्यासाठी तिथून जवळजवळ एक टन पाणी हवेत उडून जातं. तासाला 2 टन पासिंग असेल, तर दिवसाला 12 टन कोळसा आणि धरणाचं 48 टनांच्या आसपास पाणी गेलं. एका संचाला असे ड्रेन डझनांनी असतात.

शोधायचं कसं? भार स्थिर होऊन काही तास गेले की व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपवर इन्फ्रारेड गन धरायची. व्हॉल्व्हच्या अगदी जवळ नको, कारण धातूतून उष्णता सरकत येते. पुढचा हेडर अनेक ड्रेनचा मिळून एकच असेल, तर शेजारच्या ड्रेनची ऊबही उलटी येते, म्हणून त्याच पाइपवर दोन-तीन ठिकाणी तापमान घ्यायचं. आकडा शंभराच्या वर आणि व्हॉल्व्हकडे जावं तसा चढता असेल, तर तो व्हॉल्व्ह ओव्हरहॉलच्या यादीत टाकायचा.

व्हॉल्व्हची सीट, म्हणजे तो बंद होताना जिथे टेकतो ती कड, कापली जाते ती बहुतेक वेळा अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमुळे. अरुंद फटीतून थेंबांसकट धावणारी वाफ सीटवर बारीक चर पाडते आणि तो चर मग वाढतच जातो. म्हणून एकामागे एक दोन व्हॉल्व्ह असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो : उघडताना आधी पहिला पूर्ण उघडायचा, मग दुसरा, बंद करताना आधी दुसरा, मग पहिला. झीज दुसऱ्याने सोसायची आणि पहिल्याची सीट शाबूत राहायची. बॉयलर पेटवताना, घाईच्या लाइट-अपमध्ये, नेमका हाच क्रम चुकतो.

तेव्हा परळीकरांना माझं सांगणं असं : केंद्रात कुणी ओळखीचं असेल तर मेकअप किती आहे हे जरूर विचारा, पण ड्रेनची तापमानं शेवटची कधी घेतली हेही विचारा. पाण्याचा खरा हिशेब हे दोन्ही आकडे शेजारी मांडल्याशिवाय लागत नाही. पुढच्या आठवड्यात नागपूर.