छताखालच्या साडेसात फेऱ्या

इनडोअर अ‍ॅथलेटिक्सचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं : वारा नाही, ऊन नाही, पाऊस नाही, मग तिथे वेळ चांगली लागणारच. पुरुषांच्या मध्यम पल्ल्याचे आकडे मात्र उलटं सांगतात. उघड्या मैदानावर 1500 मीटरचा विश्वविक्रम मोरोक्कोच्या हिशाम एल गेरूजचा, 3 मिनिटं 26.00 सेकंद, रोम 1998. नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्टसेनने फेब्रुवारी 2025 मध्ये फ्रान्समधल्या लिएव्हँ इथे इनडोअर विश्वविक्रम केला, तोही 3:29.63 चा. 800 मीटरमध्ये डेव्हिड रुडिशाने 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये 1:40.91 वेळ दिली. छताखाली विल्सन किपकेटरची 1997 मधली 1:42.67 ही वेळ पाव शतकाहून अधिक काळ कुणाला मोडता आली नाही.

वारा नसणं हा फायदा खराच आहे. गोल ट्रॅकवर समोरचा वारा जेवढं हिरावून घेतो, तेवढं पाठीमागचा वारा परत देत नाही. पण हा फायदा वळणं खाऊन टाकतात. इनडोअर ट्रॅक 200 मीटरचा, म्हणजे 1500 मीटरला साडेसात फेऱ्या आणि पंधरा वळणं. बाहेर त्याच्या निम्मी. शिवाय वळण अरुंद. बाहेरच्या प्रमाणित ट्रॅकवर वळणाची त्रिज्या 36.5 मीटर असते, आत 17.2 मीटर. वेग तोच ठेवायचा तर आतल्या वळणावर शरीराला बाहेर फेकू पाहणारा जोर दुपटीहून जास्त होतो. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत 300 मीटरच्या आसपासचे इनडोअर ट्रॅक आहेत. तिथल्या वेळा या विक्रमांत धरल्या जात नाहीत, त्याचं कारण हेच.

‘पण वळणावर ट्रॅक तिरका असतो ना? मग अडचण कसली?’ जत्रेतल्या मौत का कुआँमधला मोटारसायकलस्वार डोळ्यांसमोर ठेवून हा प्रश्न येतो. ट्रॅकचा तिरकेपणा साधारण दहा अंशांचा असतो. 3:30 च्या गतीने 17.2 मीटर त्रिज्येच्या वळणावर धावणाऱ्याला तोल सांभाळायला सुमारे 17 अंश लागतात. उरलेले अंश त्याने स्वतः आत झुकून भरून काढायचे आणि सरळ पट्ट्यावर आला की पुन्हा ताठ व्हायचं. दीड हजार मीटरमध्ये हे पंधरा वेळा.

तिसरा समज मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण शर्यत बघण्याची नजरच त्यावर अवलंबून आहे : ‘ज्याच्या पायात जास्त वेग, तो शेवटी पुढे जाणार.’ इथे थोडा हिशेब करावा लागेल. आतल्या कडेच्या लेनऐवजी एक मीटर बाहेरून पूर्ण फेरी मारली, तर साधारण सहा मीटर जास्त पळावं लागतं. ट्रॅक 400 मीटरचा असो की 200 चा, हा आकडा बदलत नाही, कारण जादाचं अंतर पडतं ते वळणांवर आणि दोन वळणं मिळून एक वर्तुळ पूर्ण होतं. म्हणजे 800 मीटर बाहेरून पळणाऱ्याला मैदानावर बारा मीटरचा भुर्दंड, तर छताखाली चोवीसचा. वळणावर ओलांडणं इतकं महाग पडतं आणि सरळ पट्टा सुरू होता होता संपतो. म्हणून जागेसाठी कोपर आणि खांदे चालतात. 2018 च्या बर्मिंगहॅम इनडोअर जागतिक स्पर्धेत 800 मीटरमध्ये दुसरा आलेला अमेरिकेचा ड्र्यू विंडल अडथळा आणल्याच्या ठपक्यावरून आधी बाद झाला आणि दाद मागितल्यावर त्याला रौप्यपदक परत मिळालं.

तरी या हिशेबाला अपवादही निघतातच. 2024 च्या ग्लासगो इनडोअर जागतिक स्पर्धेत 1500 मीटरच्या अंतिम शर्यतीत न्यूझीलंडचा जॉर्डी बीमिश शेवटच्या फेरीपर्यंत मागे राहिला आणि 3:36.54 मध्ये जिंकला. त्याने 0.07 सेकंदाने मागे टाकलेला कोल हॉकर त्याच वर्षी पॅरिसमध्ये 1500 मीटरचा ऑलिम्पिक विजेता झाला.

विजेत्याच्या वेळेवरून शर्यतीचा दर्जा ठरवू नये, हेही यातूनच येतं. विक्रमाच्या शर्यतीत पुढे पळून वेग ठरवून देणारा पेसमेकर असतो, जागतिक स्पर्धेत नसतो. लिएव्हँच्या विक्रमानंतर महिना-सव्वा महिन्यातच इंगेब्रिग्टसेनने नानजिंगमध्ये 1500 मीटरचं जागतिक सुवर्णपदक घेतलं ते 3:38.79 मध्ये, तब्बल नऊ सेकंद हळू. किपकेटर मात्र वेगळ्याच मातीचा! 1997 मध्ये पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत त्याने एकदा हीटमध्ये आणि दोन दिवसांनी पुन्हा अंतिम शर्यतीत विश्वविक्रम मोडला, दोन्ही वेळा पेसमेकरशिवाय.

‘इनडोअर म्हणजे हिवाळ्यातला सराव, मोठे धावपटू तिकडे फिरकत नाहीत’ या समजावर फार वेळ घालवायची गरज नाही; वरची नावं पुरेशी आहेत. त्यात हाइले गेब्रसेलासीचं नाव जोडा. 1999 मध्ये जपानमधल्या माएबाशीत त्याने 1500 आणि 3000 मीटर दोन्ही जिंकले. पुरुषांमध्ये ही जोडी पुन्हा जमायला 2025 उजाडलं.

आपल्याकडचा प्रश्न वेगळा असतो : बीडचा अविनाश साबळे इनडोअर जागतिक स्पर्धेत का दिसत नाही? त्याची 3000 मीटर स्टीपलचेस तिथे होतच नाही. 5000 आणि 10000 मीटरही नाहीत. सर्वांत लांब शर्यत सपाट 3000 मीटरची. शिवाय वळणांची सवय व्हायला तसा ट्रॅक हवा. भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमच्या आवारात तो उभा राहायला 2024 साल उजाडलं. स्टीपलचेसवाल्याला तिकडे जाताच येत नाही असं मात्र नाही. ग्लासगोतला तो बीमिश स्टीपलचेसही पळतो. 2025 मध्ये टोकियोत त्याने त्या शर्यतीचंही जागतिक सुवर्णपदक जिंकलं.