सरवा, शिलाई मशीन आणि त्सेदाका

घरात कुणी जास्त आजारी पडलं की डॉक्टर म्हणतात, ‘पुण्याला ससूनला न्या.’ ससून हे एका माणसाचं आडनाव. डेव्हिड ससून, बगदादहून मुंबईला आलेले ज्यू व्यापारी. त्यांच्या देणगीतून 1867 साली ते रुग्णालय उभं राहिलं. (त्यांचा पैसा कापसाचा तसा अफूचाही होता, हेही सांगायला हवं.)

ज्यू आपल्याला लांबचे नाहीत. अलिबागकडचे बेने इस्रायल पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

त्यांच्याकडे देण्याला ‘त्सेदाका’ म्हणतात. मुसलमान शेजारणी ‘सदका’ म्हणतात ना, त्याच्याच नात्यातला शब्द. तो आलाय न्यायावरून. म्हणजे देणारीने उपकार केला नाही, जिचं होतं तिला पोचवलं. त्यांच्या धर्मग्रंथात शेतकऱ्याला सांगितलंय, शेताचा कोपरा कापू नको, खाली पडलेली कणसं उचलू नको, ती गरिबाची आणि परक्याची. आपल्याकडे बाया सरवा वेचतात, तेच की! फक्त तिथं मालकाची परवानगी लागत नाही. आणि जो स्वतः मदतीवर जगतो, त्यानंही थोडं द्यायचंच.

बाराव्या शतकात मायमोनिडीज नावाच्या ज्यू पंडितानं देण्याच्या आठ पायऱ्या लावल्या. सगळ्यात खाली, तोंड वाकडं करून देणारा. मला वाटलं, सगळ्यात वर गुप्तदान असेल. नाही. वर आहे तो कर्ज देऊन, भागीदारी करून किंवा काम देऊन समोरच्याला पायावर उभा करणारा.

हे वाचलं आणि आमचाच गट डोळ्यांपुढं आला. एका ताईचा नवरा गेला, तिचे तीन हप्ते थकले. आम्ही वर्गणी काढून साडी न् धान्य दिलं, वर फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला. पुढच्या बैठकीला ती आलीच नाही. घरी गेले तर म्हणाली, “फोटोत उभं केलंत मला. शिलाई मशीनला कर्ज मागितलं असतं, तर दिलं असतं का?”

खरं सांगते, नसतं दिलं. थकबाकीदाराला नवं कर्ज नाही, हा नियम मीच वाचून दाखवला असता.

फोटो काढून टाकलाय. कर्जाचा विषय 10 तारखेच्या बैठकीत ठेवलाय. दोघी विरोधात आहेत आणि त्यांचंही चूक नाही, पैसा सगळ्यांच्या घामाचा आहे. ती ताई मात्र येते म्हणालीय.