सूक्ष्मजीवांच्या विकरांनी घडवलेले अँटिऑक्सिडंट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी कुटुंबे जो हिरडा गोळा करतात, त्यात टॅनिन भरपूर असते. कातडी कमावण्यासाठी हे टॅनिन पूर्वीपासून वापरले जाते. त्यावर काही बुरशी वाढल्या की त्यांतील टॅनेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, टॅनिनचे मोठे रेणू तोडते आणि गॅलिक आम्ल मोकळे होते. टॅनिनच्या द्रावणात अॅस्परजिलस व पेनिसिलियम या बुरशी वाढल्यावर गॅलिक आम्ल तयार होते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ व्हान तीगेम यांनी १८६७ मध्ये नोंदवले. गॅलिक आम्ल चांगले अँटिऑक्सिडंट आहे. ऑक्सिजनमुळे बिघडणाऱ्या पदार्थाआधी ते स्वतः ऑक्सिजनशी संबंधित क्रियेत खर्ची पडते. मात्र तेलात ते नीट विरघळत नाही. नवे अँटिऑक्सिडंट घडवण्याची गरज अशाच अडचणींतून निर्माण होते.

‘सूक्ष्मजीवांपासून’ हा शब्द वाचून अंतिम पदार्थात जंतू असतील, असे अनेकांना वाटते. वस्तुतः विकर हे प्रथिन आहे, सजीव नाही. बुरशी, यीस्ट किंवा जिवाणू टाकीत वाढवतात, त्यांच्यापासून विकर वेगळे करून शुद्ध करतात आणि तेवढेच पुढच्या क्रियेत वापरतात. बहुतेकदा ते राळेच्या बारीक मण्यांवर बसवलेले असते. क्रिया संपली की मणी गाळून काढतात आणि पुन्हा वापरतात.

पचनाचे धडे शिकताना विकरांची ओळख तोडणारी म्हणून होते. त्यामुळे ती जोडूही शकतात, हे सहसा ध्यानात येत नाही. मेद तोडणारे लायपेज किंवा टॅनेज पाण्यात एस्टरचा, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल यांना जोडणारा, बंध तोडते. पण पाणी अगदी कमी ठेवले की तीच क्रिया उलट दिशेने चालते. १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत झॅक्स व क्लिबानोव्ह यांनी डुकराच्या स्वादुपिंडातील लायपेज जवळजवळ कोरड्या सेंद्रिय द्रावकात, १०० अंश सेल्सिअसलाही, काम करते हे दाखवले. पाण्यात तेच विकर अशा उष्णतेत क्षणात निकामी होते. आज या कामासाठी कँडिडा अंटार्क्टिका या यीस्टचे लायपेज फार वापरले जाते. तेलात विरघळावे म्हणून भाताच्या कोंड्यातील फेरुलिक आम्लाला या लायपेजच्या साहाय्याने मेदाम्लांपासून मिळणाऱ्या अल्कोहोलची शेपटी जोडता येते, तर टॅनेज गॅलिक आम्ल आणि प्रोपेनॉल जोडून प्रोपाइल गॅलेट बनवते.

सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज असा की नवा रेणू म्हणजे जुन्यापेक्षा अधिक जोरकस अँटिऑक्सिडंट. क जीवनसत्त्वाचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. पाण्यात विरघळलेले क जीवनसत्त्व हवा, उष्णता आणि तांब्याच्या अंशामुळे लवकर नष्ट होते. जपानमधील ओकायामाच्या हायाशिबारा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या सुमारास एका जिवाणूचे विकर वापरून स्टार्चमधील ग्लुकोज या जीवनसत्त्वाच्या दुसऱ्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाला जोडले. हे विकर एकामागोमाग अनेक ग्लुकोज जोडत जाते, म्हणून दुसऱ्या विकराने जादाचे छाटून एकच ठेवावे लागते. मिळालेला अॅस्कॉर्बिल ग्लुकोसाइड द्रावणात दीर्घकाळ टिकतो, कारण ज्या गटामुळे जीवनसत्त्व क्रियाशील असते तोच झाकला गेलेला असतो. त्यामुळे त्याची क्षपण करण्याची, म्हणजे इलेक्ट्रॉन देण्याची, क्षमता जवळपास नाहीशी होते. लहान आतड्यातील किंवा त्वचेतील विकराने ग्लुकोज सोडवले की मगच क जीवनसत्त्व कामाला लागते. येथे रेणूची ताकद वाढवलेली नाही. ती योग्य जागी पोहोचेपर्यंत राखून ठेवली आहे. सौंदर्यप्रसाधनांत या संयुगाला मिळालेले स्थान याच गुणामुळे आहे, आणि विकरतंत्राचे खरे सामर्थ्य इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

रेणूला जोडलेली शेपटी जितकी लांब तितका परिणाम चांगला, हेही खरे नाही. क्लोरोजेनिक आम्लाच्या एस्टरांवर २००९ मध्ये झालेल्या अभ्यासात पाणी-तेलाच्या मिश्रणातील परिणाम शेपटीच्या लांबीबरोबर वाढत गेला, बारा कार्बनच्या शेपटीला सर्वाधिक झाला आणि त्यापुढे घसरला. मुळात तेल एकटे असेल तर एक संयुग उपयोगी ठरते आणि तेच तेल पाण्यात मिसळलेले असेल तर दुसरे.

परीक्षानळीतला मोठा आकडा म्हणजे शरीराला तेवढा लाभ, हा निष्कर्षही टिकत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या ‘ओरॅक’ मूल्यांची, म्हणजे परीक्षानळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची, सारणी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण त्या मूल्यांचा मानवी आरोग्याशी संबंध सिद्ध नव्हता आणि जाहिरातींत त्यांचा गैरवापर होत होता. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील अभ्यासाचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी न होता १८ टक्क्यांनी जास्त आढळले. म्हणून नव्या संयुगाचे शोषण, विघटन आणि सुरक्षितता प्रत्येक वेळी वेगळी तपासावी लागते. मूळ रेणू निरुपद्रवी असणे पुरेसे नसते.

विकराने बनवलेले ते नैसर्गिक आणि रसायनाने बनवलेले ते घातक, ही विभागणीही चुकीची आहे. टॅनेजने जोडलेले प्रोपाइल गॅलेट आणि तीव्र आम्लाच्या साहाय्याने तापवून बनवलेले प्रोपाइल गॅलेट यांचा रेणू एकच असतो. फरक आहे तो प्रक्रियेत: विकर सौम्य तापमानात, नेमक्या जागीच बंध घडवते, त्यामुळे नको असलेली उपउत्पादने कमी होतात. मात्र द्रावकाचे अवशेष काढावे लागतात आणि विकराचा खर्चही मोठा असतो. खवटपणा रोखण्यासाठी तेलात प्रोपाइल गॅलेट घालताना अमेरिकेत तेल-चरबीच्या वजनाच्या ०.०२ टक्के ही एकूण अँटिऑक्सिडंटची कमाल मर्यादा आहे आणि ती दोन्ही प्रकारांना सारखीच लागू होते.