उष्णतेची वाट : जुन्या स्पोर्ट्स मोटारीचे शीतन आणि वातानुकूलन

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमपासून सुमारे १० किलोमीटरवर, नाचियारकोविल हे गाव आहे. वैष्णवांच्या १०८ दिव्य क्षेत्रांपैकी एक म्हणून ते जसे प्रसिद्ध आहे, तसेच पितळी दिव्यांच्या ओतकामासाठीही. येथील उभा दिवा, म्हणजे ‘कुत्तुविळक्कु’, आपल्याकडील समईची दक्षिणेतील बहीणच होय. पाया, दांडा, तेलाची वाटी आणि शिखर असे त्याचे चार भाग वाळूच्या साच्यात वेगवेगळे ओततात, कातून गुळगुळीत करतात आणि आट्यांनी एकमेकांत बसवितात. यामुळे दिव्याचा एक भाग बिघडला, तरी सबंध दिवा मोडीत काढावा लागत नाही. दांडा वाकला तर दांडा दुरुस्त करावा. बाकीचे तीन भाग जसेच्या तसे राहतात.

साधारणपणे १९७० पर्यंतच्या बहुतेक मोटारींचे रेडिएटर याच विचाराने घडविलेले असत. पितळेच्या चपट्या नळ्या, त्यांना बिलगलेल्या तांब्याच्या पातळ पट्ट्या, वर व खाली पितळी टाक्या आणि हे सारे जोडणारी कथिल व शिसे यांची डाख अशी त्यांची रचना असे. डाख उष्णतेने वितळते. म्हणून असा रेडिएटर उकलता येतो, साफ करता येतो आणि पुन्हा जोडता येतो. अलीकडच्या रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची आणि टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. तो हलका व स्वस्त पडतो, परंतु बिघडला की बहुधा टाकूनच द्यावा लागतो. जुनी मोटार पन्नास-साठ वर्षांनंतरही रस्त्यावर येऊ शकते, यामागे तिच्या घडणीतील ही उकलण्याजोगी जोडणी आहे. मात्र तिचा लाभ घ्यायचा, तर प्रत्येक भाग कशासाठी आहे हे आधी समजून घेतले पाहिजे.

उष्णता बाहेर कशी पडते

कुंभकोणमची कॉफी पितळी पेल्यात व खोलगट वाटीत, म्हणजे ‘डवऱ्या’त, दिली जाते. कॉफी फार गरम असली की ती पेल्यातून डवऱ्यात आणि डवऱ्यातून पेल्यात उंचावरून ओततात. या साध्या क्रियेत शीतनाची तिन्ही तत्त्वे दिसतात. धातूच्या भिंतीतून उष्णता बाहेर जाते, पसरट भांड्यामुळे द्रवाचा पृष्ठभाग वाढतो आणि ओतताना नवी हवा सतत त्याच्या संपर्कात येते. रेडिएटरही हेच करतो. नळ्यांच्या भिंती धातूच्या असतात, पट्ट्यांमुळे पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो आणि पंखा हवा खेचून आणतो.

मोटारीच्या एंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या ऊर्जेपैकी, ढोबळ मानाने, एक-तृतीयांश भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. एक-तृतीयांश धुरावाटे जातो आणि उरलेली उष्णता पाण्याने वाहून न्यावी लागते. तिची वाट कोठेही अडली, तर एंजिन तापते, सिलिंडरचा माथा वाकतो आणि गॅस्केट फुटते. अशा मोटारीचा मूळ माथा हाती असेल तर तो जपावा लागतो, कारण दुसरा मिळेलच असे नाही.

१९६१ मध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात आलेली जॅग्वार ई-टाइप ही या बाबतीत बोलकी आहे. तिच्या निमुळत्या नाकाचे तोंड लहान होते. मोकळ्या रस्त्यावर वेगाने जाताना हवा पुरेशी मिळे, पण गर्दीत मोटार थांबली की पाणी तापू लागे. १९६८ मध्ये आलेल्या दुसऱ्या मालिकेत ते तोंड मोठे केले गेले, दोन विजेचे पंखे बसविले गेले आणि ग्राहकाच्या इच्छेनुसार वातानुकूलनही मिळू लागले. देखणेपणात थोडी तडजोड झाली, परंतु उष्णतेला वाट मिळाली. ही मोटार इंग्लंडच्या थंड हवेत घडविली गेली होती. चेन्नई, कुंभकोणम किंवा नागपूर येथील उन्हाळ्यात तिच्या शीतनाची कसोटी अधिक कडक होते.

आधी पाणी, मग थंड हवा

वातानुकूलन यंत्रणेचा संघनक, म्हणजे कंडेन्सर, बहुतेक मोटारींत रेडिएटरच्या पुढे असतो. प्रवाशांच्या कक्षातून काढलेली उष्णता तो समोरच्या हवेत सोडतो आणि तीच तापलेली हवा पुढे रेडिएटरवर येते. शिवाय संपीडक, म्हणजे कॉम्प्रेसर, चालविण्याचा भार एंजिनावरच पडतो. म्हणून ज्या मोटारीचे पाणी आधीच तापते, तिचे वातानुकूलन सुरू करणे म्हणजे दुखण्यात भर घालणे होय. पुनरुज्जीवनाचा क्रम यावरून ठरतो.

पहिले काम एंजिनाच्या पोटातील गाळ काढण्याचे. एंजिनाचा ठोकळाही नाचियारकोविलच्या दिव्याप्रमाणे वाळूच्या साच्यातच ओतलेला असतो. त्या वाळूचे काही कण, गंज आणि विहिरीच्या जड पाण्यातील क्षार वर्षानुवर्षे जलमार्गाच्या तळाशी साचत जातात. ठोकळ्याच्या बाजूची गोल पत्र्याची बुचे काढून हा गाळ खरवडून व धुऊन काढावा लागतो. केवळ नवा रेडिएटर बसविला, तर हाच गाळ त्याच्या नळ्यांत जाऊन अडकतो.

यानंतर रेडिएटर. कुशल कारागीर डाख वितळवून वरची टाकी वेगळी करतो आणि प्रत्येक चपट्या नळीतून पातळ पट्टी फिरवितो. क्षाराच्या थरातून उष्णता तांब्याच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी वाहते. त्यामुळे नळीतील पातळसा थरही बाधक ठरतो. जाळीच कुजली असेल, तर मूळ टाक्या राखून नवी जाळी जोडता येते. मोटारीची ओळख टाक्यांच्या घडणीत असते, म्हणून जाणकार टाक्या कधीही टाकून देत नाहीत. शेवटी रेडिएटर पाण्यात बुडवून त्यात माफक दाबाची हवा भरली, की गळतीच्या जागी बुडबुडे दिसतात. डाखेतील शिशाची धूळ व धूर विषारी असल्याने हे काम मोकळ्या, हवेशीर जागी करणे आवश्यक आहे.

टोपण ही दिसायला क्षुल्लक वस्तू आहे, पण तिची निवड विचारपूर्वक करावी लागते. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. बाहेरच्या हवेपेक्षा एक वातावरण अधिक दाब असेल, तर पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. तथापि कित्येक जुन्या मोटारींची यंत्रणा पाव ते अर्धा वातावरण एवढ्याच जादा दाबासाठी बांधलेली होती. तिच्यावर आजचे अधिक दाबाचे टोपण बसविले, तर सर्वांत दुबळी डाख प्रथम उकलते.

थर्मोस्टॅटविषयीचा गैरसमज आपल्या उष्ण प्रदेशात फार रूढ आहे. तो काढून टाकला की पाणी मोकळे वाहील आणि एंजिन थंड राहील, असे मानले जाते. वस्तुतः थंड एंजिनात पेट्रोल नीट जळत नाही आणि सिलिंडर लवकर झिजतात. ई-टाइपसारख्या एंजिनात तर परिणाम नेमका उलटा होतो. तेथील मूळ थर्मोस्टॅट उघडताना आपल्या कडीने आडवाटेचे भोक बंद करतो. तो काढला, किंवा कडी नसलेला दुसरा बसविला, तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता थेट एंजिनात परत जातो.

पाण्याचा पंप, पट्टा, रबरी नळ्या आणि पंख्याभोवतीचे आवरण यांची तपासणी झाली, की ऊर्ध्वपातित पाणी आणि गंजरोधक मिसळलेले ग्लायकॉल भरतात. ॲल्युमिनियम, लोखंड, तांबे व पितळ एकाच पाण्यात असले की विद्युत-रासायनिक क्रियेने त्यांतील एखादा धातू झिजतो. गंजरोधक ही झीज रोखते. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. सांडलेले द्रव मुले किंवा जनावरे यांच्या तोंडी लागू नये, याची दक्षता घेतली पाहिजे.

थंडावा निर्माण होत नाही

वातानुकूलन यंत्रणा थंडी तयार करत नाही. ती कक्षातील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. या ओझ्याचा हमाल म्हणजे प्रशीतक. बाष्पकात तो उकळतो व उष्णता शोषतो. संपीडक त्याची वाफ दाबतो, संघनकात ती उष्णता सोडून द्रव होते आणि शोषक कुपीत ओलावा गाळला जातो. मग प्रसरण झडपेच्या बारीक छिद्रातून द्रव पुन्हा कमी दाबात शिरतो व उकळू लागतो.

पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये वातानुकूलित मोटार बाजारात आणली. त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ मोटारींत प्रामुख्याने आर-१२ हा प्रशीतक वापरला गेला. तो उणे ३० अंशांच्या आसपास उकळतो, पेट घेत नाही आणि श्वसनाला फारसा बाधत नाही. त्यामुळे तो निर्दोष समजला जाई. १९७४ मध्ये मोलिना व रोलंड यांनी दाखवून दिले, की अशा संयुगांतील क्लोरीन उंच वातावरणातील ओझोन नष्ट करू शकतो. पुढे १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या ऱ्हासाचे निरीक्षण प्रसिद्ध झाले आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. २०१० पासून आपल्या देशात आर-१२ च्या नव्या वापराला मोटारींपुरता पूर्णविराम मिळाला.

म्हणून जुन्या यंत्रणेत उरलेला आर-१२ हवेत सोडून देणे हा गंभीर अपराध मानला पाहिजे. तो संकलन यंत्राने काढून घेतला जावा. त्याच्या जागी बहुधा आर-१३४ए भरतात, पण केवळ वायू बदलून भागत नाही. जुने खनिज तेल नव्या प्रशीतकाबरोबर फिरत नाही आणि संपीडक कोरडा पडतो. म्हणून ते काढून एस्टर जातीचे तेल घालावे लागते. नव्या वायूचे लहान रेणू जुन्या रबरी नळ्यांतून झिरपतात, तेव्हा आतून अस्तर असलेल्या नळ्या व नवी कडी घालावी लागतात. संघनकाचे तापमान ६० अंशांवर गेले, तर नव्या वायूचा दाब जुन्यापेक्षा जवळपास एक-दशांशाने अधिक असतो. मूळ संघनक उष्ण प्रदेशात यासाठी अपुरा पडतो. वायूचे प्रमाण मात्र मूळच्या सुमारे ८० ते ९० टक्केच ठेवतात.

ओलावा हा या यंत्रणेचा मोठा शत्रू. तो झडपेच्या छिद्रात गोठतो आणि तेलाशी मिळून आम्ल तयार करतो. यास्तव यंत्रणा उघडली की शोषक कुपी नवी घालतात आणि निर्वात पंप लावतात. दाब वातावरणाच्या पंचविसाव्या भागाखाली गेला, की आतील पाणी ३० अंशांनाच उकळून निघून जाते. पंप बंद केल्यावर दाबमापकाचा काटा स्थिर राहिला, तर गळती नाही असे समजावे. स्वयंपाकाच्या वायूसारखे ज्वलनशील पर्याय स्वस्त असले, तरी प्रवाशांच्या कक्षाला लागून असलेल्या जुन्या बाष्पकात ते भरणे धोक्याचे आहे.

काय राखावे, काय बदलावे

आर-१३४ए ओझोनला अपाय करत नाही, परंतु तापमानवाढीस तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक कारणीभूत ठरतो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार त्याचाही वापर कमी करावयाचा असून भारताने तिला २०२१ मध्ये संमती दिली. आजचा पर्यायही कायमचा नाही, हे ध्यानात ठेवूनच काम करावे लागते.

त्याच २०२१ या वर्षी केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. सांगाडा, ढाचा किंवा एंजिन यांत मोठा फेरफार न करता मूळ स्वरूप राखलेली मोटारच त्यांनुसार नोंदवता येते. त्यामुळे संघनक मोठा करण्यासाठी मोटारीचा पत्रा कापण्यापूर्वी मालकाने पुनःपुन्हा विचार करणे इष्ट. अस्तराच्या नळ्या, दुसरे तेल, अतिरिक्त विजेचा पंखा हे बदल बोल्ट काढून पूर्ववत करता येतात. कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही. काढलेला मूळ भाग जपून ठेवणे, कोणता वायू व किती भरला याची चिठ्ठी भरण्याच्या तोंडाजवळ लावणे आणि केलेल्या कामाची वही मोटारीसोबत ठेवणे, या गोष्टींना खर्च जवळजवळ नाही. पुढील कारागिराला जुनी जोडणी उकलताना याच गोष्टींचा आधार होतो.